पीआरसी आली रे!

लहानपणी आमच्या घरात 'पीआरसी' हा शब्द 'साप' म्हटल्यासारखा उच्चारला जायचा. आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. ती सुट्टी नसताना इंझोरीला आली आणि सोबत पिशवीभर रजिस्टरं असली की समजायचं. "पीआरसी येऊन रायली ना बाप्पा, पोषण आहाराचा तांदूळ जुळवा लागते," असं म्हणत ती ओट्यावर बसायची आणि रात्री उशिरापर्यंत (लोडशेडिंग असेल तर कंदिलाच्या उजेडात) किलो-ग्रॅमचा हिशेब चालायचा.

पुण्या-मुंबईत वाढलेल्या मंडळींसाठी खुलासा : पीआरसी म्हणजे विधिमंडळाची पंचायत राज समिती. दोन्ही सभागृहांतले, सगळ्या पक्षांचे आमदार त्यात असतात. ते जिल्ह्यात येतात, लेखापरीक्षणातले आक्षेप काढतात, सीईओंची साक्ष घेतात आणि मधेच गाडी वळवून एखाद्या शाळेत शिरतात. त्या आठवड्यात जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांचे नळ चालू असतात :)

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेल्या वीकेंडला राम प्रधान समितीचा अहवाल वाचून काढला. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यावरचा. तेव्हा मी पाचवीत होतो. वीज असेल तेवढा वेळ शेजारच्या काकांच्या घरी ताजचा धूर बघायचा आणि ती गेली की रेडिओ. १६६ माणसं गेली. वाचताना डोक्यात आलं, आत्याच्या तांदळाला समिती आहे, मग आयबीला कोणती?

उत्तर एका ओळीत : कोणतीच नाही. पण त्या ओळीमागची गोष्ट भारी आहे, आणि ती बरीचशी मराठी आहे.

३० डिसेंबर २००८ ला राज्य सरकारने दोन जणांची समिती नेमली. अध्यक्ष राम प्रधान, माजी केंद्रीय गृहसचिव. दुसरे वप्पाला बालचंद्रन, महाराष्ट्र केडरचे आयपीएस, पुढे 'रॉ'मध्ये विशेष सचिव. माणसं अगदी योग्य. पण नेमणूक साध्या सरकारी आदेशाने झाली, १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याखाली नाही. म्हणजे समन्स काढायचा अधिकार नाही. शिवाय कार्यकक्षा राज्याच्या यंत्रणेपुरती. दिल्लीतल्या गुप्तचर संस्थांना काही विचारायची सोय नाही.

आता गंमत बघा. १९८५-८६ मध्ये हेच प्रधान केंद्रीय गृहसचिव होते. आयबी येते गृह मंत्रालयाखालीच. त्याच आयबीला तेवीस वर्षांनी, एवढ्या मोठ्या हल्ल्यानंतर, ते साधा प्रश्न विचारू शकत नव्हते. बालचंद्रन यांनी पुढे ही खंत वारंवार लिहून ठेवली आहे.

तरी जेवढं हाती आलं त्यातून त्यांनी बरंच काढलं. २००६ पासून आलेले इशारे तपासले. त्यात समुद्रमार्गे हल्ल्याचे होते, एकाच वेळी अनेक ठिकाणी हल्ले होण्याचेही होते. पण मंत्रालयात आणि पोलीस मुख्यालयात या इशाऱ्यांचं पुढे काय करायचं याचाच गोंधळ होता. हे वाचताना आयटीवाल्याला हसू येतं आणि वाईटही वाटतं. सर्व्हरचे अलर्ट मेल इनबॉक्समध्ये येऊन पडतात, प्रत्येकाला वाटतं दुसरा कोणीतरी बघत असेल. फरक इतकाच की आमच्याकडे सिस्टिम कोसळली की दोन्ही बाजूंचे लॉग उघडतात. इथे अर्धेच लॉग मिळाले. इशारा मुंबईत पोहोचल्यावर काय झालं ते कळतं. तो दिल्लीत कसा तयार झाला, हे सगळे तुकडे तिथे कोणी जोडून पाहिले का, हे कळत नाही.

बरं, एवढा अर्धा लॉग तरी आमदारांना दाखवावा की नाही? अहवाल एप्रिल २००९ मध्ये सरकारकडे गेला. जूनमध्ये सभागृहापुढे आला तो फक्त कृती अहवाल, म्हणजे 'आम्ही काय काय केलं' याची यादी. मूळ अहवाल सुरक्षेच्या कारणासाठी बंद. शेवटी डिसेंबर २००९ च्या नागपूर अधिवेशनात तो फुटला, विरोधकांनी रान उठवलं, आणि मग सरकारने तो पटलावर ठेवला. आमदारांना सांगितलं तर गुपितं फुटतात, हा नेहमीचा युक्तिवाद. इथे तर लपवून ठेवलेलाच अहवाल फुटला.

प्रधानांना हे नवीन नसणार. त्यासाठी मागे जायला हवं, पार १९६२ पर्यंत. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. त्यामागे वसंतराव नाईकांच्या समितीचा अहवाल (नाईक आमच्या शेजारच्या पुसद भागातले, म्हणून उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही), आणि मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण. म्हणजे आत्याची रजिस्टरं ज्या व्यवस्थेतली, ती व्यवस्था उभी करणारे चव्हाण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चीन युद्धाच्या धामधुमीत संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. त्यांचे खासगी सचिव होते राम प्रधान.

पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी केली. २ सप्टेंबर १९६३ ला चव्हाणांनी लोकसभेत निवेदन केलं. गुप्त माहिती गोळा करण्यात आपण कमी पडलो, हे त्यांनी त्यात मान्य केलं. पण तो सारांश होता, अहवाल नाही. चव्हाणांबद्दल मला आदर आहे, आणि युद्ध नुकतंच संपलं होतं तेव्हा त्यांची अडचणही समजते. पण आज साठ वर्षं उलटून गेल्यावरही तीच अडचण? २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने त्या अहवालाचा मोठा भाग इंटरनेटवर टाकला. जगाने वाचला, आपल्या संसदेपुढे मात्र तो आलाच नाही.

कायद्याचं म्हणाल तर आयबीची मुळं १८८७ मधली, इंग्रजांच्या एका आदेशातली. संसदेने कायदा करून ती उभारलेली नाही. 'रॉ' १९६८ ची, तिचंही तेच. माहिती अधिकारातून दोघींना वगळलंय (भ्रष्टाचार आणि मानवाधिकार भंगाचे आरोप सोडून). २०११ मध्ये मनीष तिवारी यांनी संसदीय देखरेखीसाठी खासगी विधेयक आणलं, पण खासगी विधेयक आपल्याकडे शेवटचं मंजूर झालं ते १९७० मध्ये! २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अशी मागणी करणारी याचिका फेटाळली.

इंग्रजांनी स्वतःच्या घरी मात्र १९९४ मध्ये कायदा करून खासदारांची समिती नेमली. अमेरिकेत १९७५ च्या चर्च समितीनंतर सिनेटची कायमची समिती आली. तिथे सगळं आलबेल आहे असं अजिबात नाही. मार्च २०१३ मध्ये अमेरिकेच्या गुप्तचर प्रमुखाने सिनेट समितीपुढे चक्क खोटं उत्तर दिलं, आणि तीनच महिन्यांत स्नोडेनच्या कागदांनी ते उघडं पडलं. पण खोटं ठरायला आधी प्रश्न विचारला जावा लागतो. आपल्याकडे तो विचारायला खोलीच नाही.

प्रधान ३१ जुलै २०२० ला गेले. आत्या रिटायर झाली. तिच्या रजिस्टरात एकदा चार किलो तांदूळ कमी भरला होता, त्याचा लेखी खुलासा तिने तीनदा दिला.

असो. पुढच्या शनिवारी कारगिल समितीबद्दल लिहीन म्हणतो. तिचा अहवाल निदान संसदेपुढे आला, फेब्रुवारी २००० मध्ये, काही भाग गाळून का होईना.