परीटघडीचा इतिहास : डिजिटल माणसाच्या कपड्यांवर डाग का हवेत?

१/ समाजमाध्यमांवर फिरणारी इतिहासाची डिजिटल चित्रे नीट पाहावीत. लढाई ऐन भरात असते, घोडे धूळ उडवत असतात; पण सैनिकाचा अंगरखा मात्र परीटघडीचा! नांगरामागच्या शेतकऱ्याचे धोतरही बगळ्याच्या पिसासारखे शुभ्र. हा दोष किरकोळ वाटतो, पण तो तसा नाही.

२/ त्याचे मूळ यंत्रात आहे. संगणकातील माणूस म्हणजे गणिती पृष्ठभाग. त्याला धूळ लागत नाही. १९७४ साली युटा विद्यापीठातील प्रबंधात एडविन कॅटमुल यांनी अशा पृष्ठभागावर चित्र चढवण्याची रीत मांडली. तिचे नाव टेक्स्चर मॅपिंग. १९७८ मध्ये जेम्स ब्लिन यांनी छायाप्रकाशातून सुरकुत्यांचा भास घडवला.

३/ 'ट्रॉन' (१९८२) या चित्रपटासाठी काम केलेल्या केन पर्लिन यांना संगणकचित्रांचा यांत्रिक गुळगुळीतपणा खटकत होता. १९८५ साली त्यांनी 'नॉइज' ही पद्धत प्रसिद्ध केली. डाग, गंज, धूर यांची नैसर्गिक अनियमितता आता सूत्रातून उमटू लागली. १९९७ मध्ये त्यांना याबद्दल ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

४/ मात्र सूत्राला कारण ठाऊक नसते. ते मळ सर्वत्र सारखाच पसरवते. खरा डाग कुठल्या तरी कामाचा, ऋतूचा, मातीचा असतो. तिथे इतिहासाची गरज लागते.

५/ उदाहरणार्थ, भंडारा जिल्ह्यातील सानगडी. येथे जुना किल्ला आहे. १८व्या शतकात हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. चित्रकार किल्ल्यावरचे शिपाई रंगवील. पण या भूमीचे खरे वैभव तलाव, बोड्या आणि धानाच्या बांध्या. तलाव बांधण्यात येथील कोहळी समाजाचा लौकिक मोठा.

६/ रोवणी करणाऱ्या स्त्रीचे लुगडे गुडघ्यापर्यंत खोचलेले असते. चिखल काठावर दाट आणि वर जाताना विरळ हवा. हात कोपरापर्यंत माखलेले हवेत. नांगऱ्याच्या धोतरावर शिंतोडे मागच्या बाजूस अधिक. कावड वाहणाऱ्याची बंडी खांद्यावर झिजलेली, घामाने काळवंडलेली.

७/ डिजिटल कारागिरीत यासाठी तीन थर लागतात : कापडाचा मूळ रंग, डागाची जागा ठरवणारा मुखवटा आणि चकाकीचा नकाशा. ओला चिखल गडद व चमकदार दिसतो. तोच वाळला की फिका आणि निस्तेज. हा फरक चुकला तर आषाढातली रोवणी वैशाखातली वाटते.

८/ रंगही तपासावा. कृत्रिम रंगांचा उदय १८५६ नंतरचा. त्याआधी विदर्भात तांबड्या रंगासाठी आल या वनस्पतीची मुळे वापरली जात. १८व्या शतकातील पटक्यावर आजचा झगझगीत रासायनिक रंग शोभत नाही.

९/ कष्टकऱ्याला पडद्यावर आणण्याची मराठी परंपरा जुनी आहे. पौराणिक चित्रपटांच्या काळात, १९२५ साली, बाबूराव पेंटर यांनी 'सावकारी पाश' काढला. त्याचा नायक देव किंवा राजा नव्हता. कर्जापायी जमीन गमावणारा शेतकरी होता. ती भूमिका तरुण व्ही. शांताराम यांनी केली.

१०/ एक सावधगिरी मात्र हवी. डाग म्हणजे दारिद्र्याचा शिक्का नव्हे. शेतकरीही सणाला धुतलेले धोतर नेसत असे आणि कूच करणाऱ्या सरदाराच्या जाम्यावरही धूळ बसत असे. फक्त गरिबालाच मळका दाखवणे हा इतिहास नव्हे. तो चित्रकाराचा पूर्वग्रह.

११/ म्हणून डाग चढवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : हा माणूस आज काय करत होता? कोणत्या मातीत? कोणत्या महिन्यात? उत्तरे सापडली, तर डाग आपोआप योग्य जागी पडतो. ज्यांची नावे बखरींत आली नाहीत, त्यांच्या श्रमाची नोंद मग निदान चित्रात तरी राहते.