दुर्गादेवीचा दुष्काळ आणि गुहेतील थेंब

बहामनी अमदानीत, इ. स. १३९६ साली, महाराष्ट्रावर दुर्गादेवीचा दुष्काळ कोसळला. तो बारा वर्षे चालला, असे परंपरा सांगते. गावे ओस पडली. शिवा कोठे होत्या याचाही विसर पडला. पुढे १४२९ साली मुलखाची घडी बसविण्यास मलिक-उत्-तुजार व दादो नरसू काळे यांना पाठविण्यात आले. कसील त्याला जमीन. पहिल्या वर्षी सारा माफ, दुसऱ्या वर्षी बिघ्यामागे एक तोबरा धान्य! तोबरा म्हणजे घोड्याला दाणा चारण्याची पिशवी. एवढ्यावर सरकारने समाधान मानले, यावरून मुलूख किती उजाड झाला होता हे ध्यानी येते.

परंतु सलग इतकी वर्षे पाऊस दगा देईल काय? की लोकांच्या तोंडी आकडा वाढला? आपले हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. त्यापूर्वीच्या शतकांतील पावसाची सलग मोजणी कोठून मिळणार? ती साक्ष एका दगडाने दिली आहे.

पाणी तापविण्याच्या बंबात पांढरा थर धरतो, हे आपणां गृहिणींना ठाऊक आहेच. चुनखडीच्या गुहेत असेच घडते. पावसाचे पाणी मातीतील कार्बन डायॉक्साइड घेऊन खडकातील चुना विरघळवीत खाली झिरपते. गुहेत थेंब पडला की तो वायू निसटतो व चुना मागे राहतो. थरावर थर चढून जमिनीवर खांब वाढतो. त्या थरांचे वय युरेनियम व थोरियम यांच्या प्रमाणावरून काढता येते.

पाण्यातील प्राणवायू दोन तऱ्हांचा असतो, हलका व जड. आपल्याकडे मोसमी पाऊस जोरदार झाला की पाण्यात जड प्राणवायूचा वाटा सामान्यतः घटतो, आणि तीच खूण चुन्याच्या थरात उतरते.

मात्र ही लिपी वाचण्यापूर्वी शिकावी लागते. म्हणून शास्त्रज्ञ आजचे थेंब तपासतात. मेघालयात चेरापुंजीजवळील मावम्लुह गुहेत असे निरीक्षण झाले आहे. थेंब किती वेळाने पडतो, त्यात चुना व मॅग्नेशियम किती, गुहेतील हवा कोणत्या ऋतूत खेळती असते, बाहेरच्या पावसाची खूण आत किती दिवसांनी पोहोचते, हे सारे वारंवार पाहावे लागते. आजचा थेंब समजला, तरच कालचा दगड बोलतो.

छत्तीसगडात, जगदलपूरजवळच्या कांगेर खोऱ्यात, दंडक नावाची गुहा आहे. तेथील एका खांबावरून इ. स. ६०० ते १५०० या काळातील पावसाचा इतिहास २००७ साली प्रसिद्ध झाला. चौदाव्या व पंधराव्या शतकांत पाऊस वर्षानुवर्षे क्षीण राहिल्याच्या खुणा त्यात आहेत. दुर्गादेवीचा दुष्काळ याच काळातला!

दगड प्रत्येक गावाची हकीकत सांगत नाही. दुष्काळात माणसे मरतात ती केवळ पावसाअभावी नव्हे, राज्यव्यवस्थेच्या दोषानेही मरतात. तरीही एक गोष्ट स्पष्ट होते. आजीच्या तोंडची बारा वर्षांची गोष्ट थट्टेवारी नेण्यासारखी नाही. धरणे व कालवे आखताना आपण गेल्या दीडशे वर्षांच्या नोंदींवर भिस्त ठेवतो. त्याहून दीर्घ अवर्षण या भूमीने पाहिले आहे, याचे भान नियोजन करणाऱ्यांनी ठेवावे, आणि पाणी जपून वापरणाऱ्या आपणही ठेवावे.