तयार मसाल्याच्या पुडीची कुळकथा

उत्तर भारतात घरोघरी पोचलेल्या तयार मसाल्याच्या पुडीची एक मोठी शाखा दिल्लीच्या करोल बागेत वाढली. तिचे मूळ मात्र सियालकोटचे. तेथे चुनीलाल गुलाटी यांनी १९१९ मध्ये ‘महाशियां दी हट्टी’ हे मसाल्यांचे दुकान काढले. देगी मिरचीच्या पुडीसाठी ते ओळखले जाई. ही पूड तिखटपणापेक्षा लाल रंगासाठी वापरतात.

१९४७ च्या फाळणीत सियालकोट पाकिस्तानात गेले आणि गुलाटी कुटुंब निर्वासित होऊन दिल्लीला आले. चुनीलाल यांचे पुत्र धर्मपाल यांनी काही काळ टांगा हाकला. १९४८ मध्ये करोल बागेतील अजमल खान रस्त्यावर लाकडी टपरी टाकून त्यांनी घरचा धंदा पुन्हा उभा केला. पश्चिम पंजाबातून आलेली असंख्य कुटुंबे याच परिसरात वसल्याने ही चव ओळखणारे गिऱ्हाईक दाराशीच होते. पुढे १९५३ मध्ये चांदनी चौकात दुकान आणि १९५९ मध्ये कीर्तिनगरात कारखाना झाला. ‘एमडीएच’ हे नाव मूळ दुकानाच्याच आद्याक्षरांचे. धर्मपाल गुलाटी यांना २०१९ मध्ये पद्मभूषण मिळाले. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले.

महाराष्ट्रात या व्यवसायाची वाट वेगळी. मुंबईच्या गिरगावात बेडेकरांचे दुकान १९१० पासूनचे. पुण्यात हुकमीचंद चोरडिया यांनी १९६२ मध्ये प्रवीण मसालेवाले हा उद्योग सुरू केला.

मसाल्यांची घडणही प्रांताप्रांतात बदलते. पंजाबी छोले मसाल्यात अनारदाणा, आमचूर आणि काळे मीठ आंबटपणा व खारटपणा आणतात. मराठी गोडा मसाला धणे, तीळ, सुके खोबरे, दगडफूल आणि नागकेशर यांवर उभा असतो. म्हणून एकाची जागा दुसरा घेऊ शकत नाही.

मसाला दळला की त्यातील सुगंधी तेले लवकर उडू लागतात. तीळ-खोबऱ्याचा मसाला तर तेलकटपणामुळे खवटही होतो. त्यामुळे पुडी लहान घ्यावी आणि फोडल्यावर हवाबंद बरणीत ठेवावी. गरम मसाला पदार्थ उतरवण्याच्या बेतात असताना घालावा. गोडा मसाला आमटी उकळताना घातला तरी चालतो.