अंधारात कोण असतं?

बचत गटाची बैठक संध्याकाळी ठेवली की अर्ध्या बाया येत नाहीत. कारण विचारलं तर 'घरात काम होतं' असं सांगतात. थोडं खोदून विचारलं की खरं कारण निघतं: परतताना अंधार होतो. वाटेत चिंच आहे, ओढा आहे, मसणवट्याची बाजू आहे. आज त्या भीतीचा इतिहास सांगणार आहे. इतिहास म्हटलं की आपल्याला किल्ले आणि लढाया आठवतात. पण भीतीलासुद्धा इतिहास असतो. ती कुठून आली, कशानं वाढली आणि कशानं ओसरली, हे शोधता येतं.

आधी एक गोष्ट ऐका, कारण बाईमाणूस जात्याच भित्रं असतं असं आपल्याला लहानपणापासून ऐकवतात. महात्मा गांधींनी आपल्या आत्मकथेत लिहून ठेवलंय की शाळकरी वयात त्यांना चोरांची, भुतांची आणि सापांची फार भीती वाटे. रात्री दाराबाहेर पाऊल टाकवत नसे, दिव्याशिवाय झोप येत नसे. तेव्हा लग्न झालेलं होतं. कस्तुरबा जवळजवळ त्यांच्याच वयाच्या, आणि त्यांना यातलं कसलंच भय नव्हतं. अंधारात त्या कुठेही जात. आपण घाबरतो हे बायकोला सांगायची त्यांना लाज वाटे, हेही त्यांनी लिहिलंय. तेव्हा भीती बाईची आणि धीर पुरुषाचा, ही वाटणी काही खरी नाही.

आता आपल्या कोकणातल्या भुतांकडे येऊ. हसू नका, हा इतिहासाचाच भाग आहे. १९१५ साली एन्थोवेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं कोकणातल्या लोकसमजुतींचं एक पुस्तक छापून घेतलं. त्यातली माहिती बहुतेक गावोगावच्या शाळामास्तरांनी लिहून पाठवलेली होती. आपला रायगड तेव्हा कुलाबा जिल्हा होता. इथल्याही मास्तरांनी लिहिलं. त्यात भुतांची नावं आहेत, आणि कोणाचं काय भूत होतं तेही आहे. तुमच्या आजीला विचारलंत तर ती आजही हीच यादी सांगेल, गावागणिक थोडा फरक पडेल एवढंच.

बाळंतपणात गेलेली बाई ती अलवंतीण. गरोदरपणी किंवा बाळंतपणानंतर दहा दिवसांच्या आत गेलेली ती हडळ. नवरा जिवंत असताना गेलेली ती जखीण, विधवा गेली तर लावसट. मुंज झालेला पण लग्न न झालेला मुलगा गेला तर मुंज्या. पाण्यात बुडून मेला तो गिऱ्हा. मूलबाळ नसताना, जीव इस्टेटीत अडकून गेला तो समंध.

ही यादी सावकाश परत मनात म्हणा. पिकल्या वयात, नातवंडांच्या मांडीवर डोकं ठेवून गेलेल्या म्हातारीचं भूत या यादीत सापडतं का? नाही. सगळी अवेळी गेलेली माणसं आहेत. माझ्या मते ही भुतांची यादी म्हणजे गावाचं मृत्यूचं रजिस्टर आहे. ज्या मरणाचं कारण कळलं नाही, ज्याचा राग कुणावर काढता आला नाही, ते मरण अंधारात जाऊन बसलं. आणि त्या रजिस्टरात बायकांची नोंद किती बघा! एकट्या बाळंतपणावर दोन-दोन नावं. याचा अर्थ आपल्या पणज्या बाळंतपणात इतक्या जात होत्या की भाषेला त्यांच्यासाठी वेगळे शब्द करावे लागले. हडळीचे पाय उलटे असतात, केस मोकळे असतात, ती अंगणात येऊन बाळ मागते, असं आपण ऐकत आलो. मला त्यात भीतीपेक्षा हुंदका जास्त ऐकू येतो. बाळ न बघता गेलेली ती कुणाची तरी लेक होती, आणि मेल्यावर आपण तिला घराबाहेर चिंचेवर बसवली.

मग ही हडळ कमी कशी झाली? पंचाक्षऱ्यानं बाटलीत भरून नाही. दवाखान्यातल्या बाळंतपणानं, रक्त तपासल्यानं, लोहाच्या गोळ्यांनी, २००५ नंतर आलेल्या आशाताईंनी आणि २०१४ पासून राज्यात धावणाऱ्या १०८ च्या गाडीनं. २०१८-२० च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात लाखभर जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू नोंदले गेले. तेहतीस घरं उद्ध्वस्त झाली, तेव्हा आकडा लहान म्हणू नका. पण आता आपण त्या बाईचं नाव लिहितो आणि कारण लिहितो. कारण लिहिलं की भूत होत नाही.

पण अंधारात काहीच नसतं, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणाऱ्याला कोकणातली रात्र ठाऊक नाही. अंधारात विंचू असतो. लाकडाच्या ढिगात, गोवऱ्यांत, कौलांच्या थप्पीत, भाताच्या पेंढ्यात दिवसभर बसतो आणि रात्री बाहेर पडतो. त्यातला तांबडा विंचू जीव घेतो. पोराला डसला की घाम फुटे, हातपाय गार पडत, दम लागे, तोंडाला फेस येई, आणि सकाळपर्यंत पोर जाई. गावात म्हणत, नुसता विंचू नव्हता, काहीतरी बाधा होती. मग मांत्रिक, मग विंचू उतरवणं, आणि त्यात हातची वेळ निघून जाई.

आपल्याच जिल्ह्यात, महामार्गानं खाली महाडच्या बाजूला बिरवाडीचं प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. १९७६ साली तिथे हिम्मतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर आले, मराठवाड्यातल्या गरीब शेतकरी घरातले. विंचू चावलेली माणसं डोळ्यांदेखत मरत होती आणि पुस्तकात त्यावर नीट उपाय नव्हता. या डॉक्टरांनी काय केलं असेल? ते रोग्याच्या खाटेशेजारी बसून राहिले. नाडी किती, रक्तदाब किती, घाम कधी आला, श्वास कधी लागला, हे रात्ररात्र तासातासानं लिहीत गेले. लिहितालिहिता कळलं की विंचवाचं विष हृदयावर जातं. ते त्यांनी 'लॅन्सेट' या जगभर वाचल्या जाणाऱ्या वैद्यकीय पत्रात १९८२ साली मांडलं. पुढे प्राझोसिन नावाची, रक्तदाबासाठी वापरली जाणारी साधी गोळी त्यांनी या रोग्यांना दिली आणि १९८६ साली त्याचाही अहवाल छापून आला. आधी अशा गंभीर रोग्यांपैकी शंभरात तीस-चाळीस दगावत. गोळी वेळेवर मिळू लागली तसं ते प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आलं. डॉक्टरांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. मला मात्र त्यांची ती तासातासाची वही जास्त मोठी वाटते. रात्रीचं भय कागदावर उतरवलं आणि त्याला औषध सापडलं.

म्हणून विंचू उतरवणाऱ्याकडे पोराला नेऊ नका, आणि ती गोळी घरी आपल्या मनानं देऊही नका. सरळ दवाखाना गाठा. सापाचंही तेच. मण्यार तर रात्रीच फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्याला चावतो. दात इतके बारीक की पुष्कळदा दुखतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटायला लागतात. तेव्हा जमिनीवर झोपायचं असेल तर मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचून घ्या. रात्री बाहेर पडताना बॅटरी, पायात चप्पल नाही तर बूट, आणि हातात काठी आपटत चालणं. साप-विंचू-कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा आता महाराष्ट्रात गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं खटपट केली, त्यात हे कलम आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी कायदा आला. भूत उतरवतो म्हणून बाईला मारणं, बांधून ठेवणं, हेही त्यात गुन्हा धरलंय.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे 'घाबरट' या शब्दाखाली झाकली जाते, ती म्हणजे रातांधळेपणा. दिवसा धडधाकट असलेली बाई तिन्हीसांजेला चाचपडायला लागते, अंगणात अडखळते आणि बाहेर जायला नको म्हणते. पोटुशी बाईला हे जास्त होतं. सासू म्हणते बाहेरचं लागलं. खरं तर शरीरात अ जीवनसत्त्व कमी पडलेलं असतं. डोळ्याला मंद उजेडात बघायला तेच लागतं. लहान मुलांना या जीवनसत्त्वाचा डोस द्यायचा सरकारी कार्यक्रम १९७० पासून चालू आहे. शेवग्याचा पाला, माठ, लाल भोपळा, पिकलेला आंबा, पपई, अंडी, हे सगळं आपल्या परसात किंवा आंबेवाडी नाक्यावर मिळतं. संध्याकाळी दिसेनासं होत असेल तर आशाताईला सांगा. गरोदरपणी मनानं गोळ्या मात्र घेऊ नका, जास्त झाल्या तर बाळाला त्रास होतो.

धडधाकट डोळ्यालाही अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो. ट्यूबलाइटमधून एकदम बाहेर आलं की काही दिसत नाही. पाच-दहा मिनिटं थांबलं की झाडं, वाट, कुंपण दिसू लागतं. पुरतं दिसायला अर्धा तास लागतो. आपण नेमक्या त्या पहिल्या पाच मिनिटांत घाबरून आत पळतो. पावसाच्या सुरुवातीला वलगणीचे मासे धरायला रात्री शेतात, ओढ्यावर जाणाऱ्यांना हे न शिकवता येतं. त्यांना तुम्ही अंधाराला भिताना बघितलंय का?

आता उजेडाचा इतिहास, तोही आपल्या दाराशी घडलेला. कुंडलिकेच्या काठानं वर गेलं की भिरा लागतं. घाटावर मुळशीला धरण बांधलं, त्याचं पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून नळांतून खाली भिऱ्याला आणलं आणि १९२७ साली तिथे टाटांचं वीजघर चालू झालं. त्या धरणाखाली मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. १९२१ पासून सेनापती बापटांच्या पुढाकारानं मुळशीचा सत्याग्रह झाला, माणसं तुरुंगात गेली, पण धरण झालंच. वीज गेली मुंबईला. तिच्यावर गिरण्या चालल्या आणि दिवे लागले. वापरून झालेलं पाणी कुंडलिकेतून आपल्या कोलाडवरून वाहत राहिलं, आणि नदीकाठच्या घरांत मात्र रॉकेलची चिमणी नाही तर कंदील. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. राज्याचं वीज मंडळ १९६० साली झालं आणि त्यानंतर हळूहळू गावांत खांब आले. वाड्यांवर आणखी उशिरा. आज त्याच पाण्यावर पाहुणे राफ्टिंग करतात. त्यातल्या किती जणांना ठाऊक असेल की या पाण्यानं आधी मुंबईत दिवे लावले?

खांब आले तशी चिंचेखालची वस्ती उठली, असं जुनी माणसं हसत सांगतात. ते खरंच आहे. पण बाईची रात्र खांबानं मोकळी झाली नाही, हेही बोललं पाहिजे. 'दिवेलागणीला बाहेर फिरू नको, केस मोकळे सोडू नको, नदीवर जाऊ नको' हे सगळं मुलीला सांगतात, मुलाला कोण सांगतं? धाटावच्या कारखान्यातली रात्रपाळी करून पुरुष एकटा येतो, त्याला हडळ आडवी येत नाही. आणि गंमत बघा, गंमत कसली, दैना म्हणा. ज्या बाईला अंधारात बाहेर पडू देत नव्हते, तिला परसाकडे जायला मात्र अंधारच राखून ठेवला होता. पहाटे उजाडायच्या आत नाही तर रात्री. दिवसभर पोट दाबून बसायचं आणि अंधार पडला की विंचू-सापात जायचं. तेव्हा हडळीची आठवण कुणाला झाली नाही. २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, पुढे घरोघर संडास आले. माझं मत विचाराल तर भुताखेतांवरच्या शंभर भाषणांपेक्षा त्या संडासांनी बाईची रात्र जास्त सोपी केली.

माणसाची भीती उरतेच. दारू पिऊन उभा असलेला, पाठीमागून गाडी हळू करणारा. तिला भूत म्हणू नका आणि मनाचे खेळही म्हणू नका. तिथे सोबत, उजेड आणि पोलिसांचा ११२ नंबर, हेच कामाला येतं.

पोरांचं थोडं सांगते. तीन-चार वर्षांचं मूल अंधाराला भितं ते वयाचंच असतं, मनात चित्रं उठायला लागलेली असतात. 'बागुलबुवा येईल' म्हणून आपण त्यात भर घालतो. काही घरांत तर एखाद्या जातीच्या, फिरस्त्या माणसाचं नाव घेऊन पोराला गप्प करतात, ते तर फारच वाईट. मूल अंधाराबरोबर त्या माणसालाही भ्यायला शिकतं. त्यापेक्षा दिवसा पोराला हाताशी धरून परस दाखवा: हे केळीचं पान, ही दोरीवरची गोधडी. रात्री तीच जागा बॅटरी त्याच्याच हातात देऊन दाखवा. दुसऱ्या दिवशी तुम्ही दोन पावलं मागे राहा, मग पायरीवर. कोंडून ठेवून धीट करायला जाऊ नका, त्यानं भीती दुप्पट होते.

आणि मोठ्यांसाठी या महिन्याचं काम. घरपट्टीची पावती काढून बघा, त्यात दिवाबत्ती कर लावलेला असतो. तो आपण भरतो. तेव्हा बैठकीहून परतताना चौघी मिळून वाडीपर्यंत चालत जा, कोणत्या खांबावरचा दिवा बंद आहे ते बघा आणि खांबावरचा नंबर वहीत लिहा. ग्रामसभेआधी महिलांची सभा होते, त्या सभेत ती यादी वाचून दाखवा आणि इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. ओढ्याजवळच्या खांबापासून सुरुवात करा.