हौसेचे मोल आणि वाकडे अंगण

‘अ‍ॅमॅच्युअर’ या शब्दाला मराठीने ‘हौशी’ हा प्रतिशब्द दिला, आणि तो इतका रुळला की त्याच्या पोटात काय दडले आहे याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. मूळ शब्द प्रेमवाचक लॅटिन धातूपासून आलेला. ‘हौस’ अरबी-फारसीतून आलेली. तिच्या मुळाशी प्रेमापेक्षा इच्छा, ओढ अधिक आहे. १९५४ पासून चालत आलेल्या राज्य नाट्यस्पर्धेमुळे ‘हौशी’ला आपल्याकडे प्रतिष्ठा आली, पण त्याच शब्दात ‘नवशिका’, ‘फावल्या वेळचा’ अशी किंचित हेटाळणीही उरली. ‘हौसेला मोल नाही’ ही म्हणही दुहेरी आहे. हौस पैशात मोजता येत नाही, असा तिचा एक अर्थ. हौसेपायी किती खर्च झाला ते विचारू नये, हा दुसरा. गोल्फच्या इतिहासाकडे पाहताना हा दुसरा अर्थच अधिक उपयोगी पडतो.

प्रस्तुत लेखक चारकोपचा रहिवासी आणि हौशी गोल्फर आहे. या दोन गोष्टी एका वाक्यात बसवताना थोडा संकोच होतो, कारण चारकोपमध्ये गोल्फचे मैदान नाही आणि असण्याचे कारणही नाही. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने म्हाडाने येथे जी वसाहत वसवली, तिचे सूत्रच वेगळे होते: लहान भूखंड, त्यावर पाणी, मलनिःसारण, वीज यांची सोय, आणि घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बांधावे. घरांचे पुंजके सामायिक अंगणाभोवती रचले गेले. त्या अंगणांत क्रिकेट जन्मले ते त्या अंगणांच्या मापाचे. भिंतीपलीकडे चेंडू गेला की बाद, एक टप्पा पडून एका हाताने झेलला तरी बाद. जागेने नियम ठरवले आणि नियमांनी फटका ठरवला. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण अशा ठिकाणी थोडी अपुरी वाटू लागते. अंगण खरेच वाकडे असेल, तर नाचणाराचे पाऊलही त्या वाकडेपणाने घडलेले असते.

गोल्फमध्ये ही म्हण रोज वापरली जाते. चेंडू उजवीकडे वळला की हौशी खेळाडू दांडीकडे बघतो, जाणता खेळाडू मनगटाकडे. जाणत्याचे म्हणणे बहुधा बरोबर असते. पण इतिहासाची साक्ष काढली तर दांडीलाही निर्दोष सोडता येत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गोल्फचा चेंडू म्हणजे उकडलेली हंसाची पिसे ठासून भरलेली चामड्याची गोटी. कुशल कारागीर दिवसाकाठी अशा तीन-चारच करी. चेंडू भिजला की फुगे, शिवणीवर फुटे. साहजिकच चेंडू महाग आणि खेळ श्रीमंतांचा. १८४८च्या सुमारास मलाया द्वीपसमूहातल्या झाडाच्या चिकापासून, म्हणजे गट्टापर्चापासून, चेंडू घडवला जाऊ लागला. समुद्राखालच्या तारायंत्राच्या तारांवर ज्याचे वेष्टन चढवले गेले, तेच हे द्रव्य. सेंट अँड्रूजमध्ये पिसांचे चेंडू करणाऱ्या अ‍ॅलन रॉबर्टसनने त्याला विरोध केला, आणि याच वादातून त्याची व टॉम मॉरिसची फारकत झाली. पण स्वस्त चेंडू जिंकला आणि खेळ पसरला. नवा गुळगुळीत चेंडू हवेत नीट टिकत नसे. वापरून ओरखडे पडलेला मात्र सरळ व लांब जाई. खेळाडूंनी हे पाहिले, मग मुद्दाम खाचा पाडल्या, आणि पुढे त्यातून आजच्या चेंडूवरचे खळगे आले. ज्ञान येथे प्रयोगशाळेतून मैदानावर गेले नाही. झिजलेल्या वस्तूने ते शिकवले.

दांडीची कथाही अशीच. हिकरीच्या लाकडाची दांडी फटक्याच्या वेळी लवते तशी पिळतेही. तो पीळ सावरण्यासाठी हातांची, मनगटांची एक विशिष्ट लय लागे. १९२९ साली सेंट अँड्रूजच्या नियामक संस्थेने पोलादी दांडीला मान्यता दिली आणि ही लय हळूहळू अनावश्यक झाली. पोलाद पिळत नाही. तेव्हा ताकद कमरेतून व खांद्यांतून आणता येऊ लागली. बॉबी जोन्सने १९३० साली एकाच वर्षात चार अजिंक्यपदे जिंकली ती हिकरीने. आज पाठ्यपुस्तकात ज्याला ‘आदर्श तंत्र’ म्हणतात ते पुष्कळ अंशी पोलादाचे तंत्र आहे. छंदोबद्ध कवितेचे वाचन मुद्रणाने जसे बदलले, तसाच हा बदल: आशय तोच राहिल्यासारखा वाटतो, श्वास मात्र वेगळा होतो.

तेव्हा साधन निवडणे ही निव्वळ चैनीची बाब नव्हे. पण निवड कशाची करायची? आज दुकानात सात क्रमांकाचे लोखंड उचलले तर त्याच्या पात्याचा कल साधारण तीस अंशांच्या आसपास असतो. पन्नास वर्षांपूर्वी त्याच क्रमांकाचे पाते आठ-दहा अंशांनी अधिक कललेले असे. नवे लोखंड ‘लांब मारते’ या जाहिरातीतला बराचसा भाग आकडा बदलल्याचा आहे. क्रमांक ही संज्ञा आहे, माप नव्हे. संज्ञेला वस्तू समजण्याची चूक साहित्याच्या विद्यार्थ्याला अपरिचित नसावी. हौशी खेळाडूने पाहायचे ते एवढेच: दांडीची लांबी व लवचीकता आपल्या उंचीला आणि वेगाला साजते का, आणि पाते जमिनीवर सपाट टेकते का. पाते टाचेकडे किंवा टोकाकडे उचलले गेले तर चेंडूची दिशा बिघडते, मग हात कितीही शुद्ध असोत. १९३०च्या दशकात खेळाडू वीस-पंचवीस दांड्या घेऊन फिरू लागले, तेव्हा १९३८-३९ मध्ये चौदांची मर्यादा घालावी लागली. नवशिक्याला त्यातल्या सहा-सात पुरतात.

सरावाचेही तसेच. लोखंडाचा फटका वरून खाली येतो. पाते आधी चेंडूला लागते, मग जमिनीला. चेंडू उचलायचा तर खाली मारावे लागते, हा या खेळातला पहिला विरोधाभास. शहरातल्या सराव-केंद्रांत गवताऐवजी चटई असते. पाते चेंडूच्या आधी चटईवर आपटले तरी ते घसरून पुढे जाते आणि चेंडू बरा उडतो. गवतावर तोच फटका जमिनीत रुतला असता. चटई चूक झाकते, म्हणून चटईवरचे यश मोजताना चेंडू कुठे गेला यापेक्षा आवाज कसा आला हे ऐकावे. घरातली फरशी मात्र प्रामाणिक असते. तिच्या सरळ सांध्यावरून चेंडू हात-दीड हात न ढळता नेणे हा १०८ मिलिमीटरच्या भोकापर्यंत पोहोचण्याचा स्वस्त आणि कठोर रियाझ आहे.

‘रियाझ’, ‘तालीम’, ‘सराव’ हे तीन शब्द आपण सहज अदलाबदलीने वापरतो. पण रियाझ एकट्याचा असतो आणि तालमीला वस्ताद लागतो. सरावाच्या बाबतीत एक प्रश्न आपण क्वचितच विचारतो: एकाच्या सरावासाठी दुसऱ्याचे श्रम किती लागतात?

महाराष्ट्रापुरते त्याचे उत्तर गोल्फआधी क्रिकेटने दिले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात पुण्याच्या युरोपियन क्लबात पळवणकर बाळू मैदानाची देखभाल करण्यासाठी महिना चार रुपयांवर होते. खेळपट्टी सारखी करणे, जाळी बांधणे, आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करणे. कॅप्टन ग्रेग आपल्याला बाद केल्याबद्दल दर वेळी त्यांना आठ आणे देत, अशी कथा सांगितली जाते. बाळूंनी तेथे असंख्य चेंडू टाकले. फलंदाजीचा सराव मात्र त्यांना कधी मिळाला नाही, कारण फलंदाजी ही साहेबांची हौस होती. पुढे १९११ मध्ये अखिल भारतीय संघाबरोबर इंग्लंडला जाऊन त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. त्यांच्या डावखुऱ्या फिरकीचे कौतुक करताना ती मजुरीच्या तासांत घडली, हे विसरता येत नाही. चांभार जातीत जन्मलेल्या या खेळाडूला पुण्यातल्या हिंदू संघाने मैदानावर घेतले, पण चहा वेगळ्या भांड्यात बाहेरच दिला. अंगण कोणासाठी वाकडे होते, हे येथे स्पष्ट दिसते.

गोल्फमध्ये ही विभागणी नियमातच लिहिलेली होती. अमेरिकेत सोळाव्या वाढदिवसानंतर पैसे घेऊन कॅडीचे काम करणारा खेळाडू हौशी राहत नसे. फ्रान्सिस विमेट हा कॅडी म्हणून वाढलेला मुलगा. त्याने वेळीच ते काम सोडले म्हणून १९१३ साली विसाव्या वर्षी हौशी खेळाडू म्हणून तो अमेरिकन ओपन जिंकू शकला. हॅरी व्हार्डन आणि टेड रे या नामांकित इंग्लिश व्यावसायिकांना त्याने हरवले. तरीही १९१६ मध्ये खेळाच्या साहित्याचा व्यवसाय केल्यावरून त्याचे हौशीपण काढून घेण्यात आले, ते १९१८ मध्ये परत मिळाले. ज्याला पोटासाठी मैदानावर यावे लागते त्याचे प्रेम अशुद्ध, असा त्या नियमाचा सूर आहे. लॅटिन धातूतले प्रेम असे सावकाश वर्गवाचक झाले.

दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचा भारतीय वंशाचा कॅडी पापवा सेवगोलम याने डावा हात उजव्याच्या खाली ठेवून, म्हणजे सर्व पुस्तकांच्या उलट, दांडी धरली. तंत्र शिकवणारे कोणी नसले की हात आपली वाट काढतो. १९५९, १९६० आणि १९६४ असा तीनदा तो डच ओपन जिंकला. १९६३ मध्ये डर्बनला नाताळ ओपन जिंकल्यावर मात्र वर्णभेदामुळे त्याला क्लबच्या इमारतीत प्रवेश नव्हता. करंडक त्याने बाहेर पावसात स्वीकारला. स्पेनच्या सेव्हे बालेस्तेरोसने लहानपणी समुद्रकिनाऱ्याच्या वाळूत एकाच तीन क्रमांकाच्या लोखंडाने सगळे फटके शिकून घेतले. चौदा दांड्यांची मर्यादा ज्यांना जाचते आणि एकीत चौदा शोधतात, अशा दोन परंपरा या खेळात शेजारी नांदत आल्या आहेत.

मुंबईतही त्या शेजारी आहेत. रॉयल बॉम्बे गोल्फ क्लब १८४२चा. विलिंग्डन क्लब १९१७चा, तो भारतीय सभासदांनाही खुला होता म्हणून विशेष. आणि चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७चा. या शेवटच्या मैदानालगतच्या वस्त्यांतले कॅडी आपल्या गल्ल्यांत गोल्फ खेळतात हे वृत्तपत्रांतून अनेकदा आले आहे. लोखंडी सळई वाकवून दांडी, मुठीला रबराचे वेष्टन, प्लास्टिकचा चेंडू. घरांच्या भिंती, पत्रे आणि गटारे हेच अडथळे. विटीदांडूच्या दांड्यासाठी फांदी तासणारा मुलगा आणि सळई वाकवणारा कॅडी एकाच कुळातले. त्यांचे फटके बुटके आणि नेमके असतात, कारण गल्ली दुसरा फटका मंजूर करत नाही. हे ‘कमी’ तंत्र नव्हे. वेगळ्या अंगणाचे पूर्ण तंत्र आहे.

भारतीय गोल्फचा इतिहास हेच सांगतो. १९६५ मध्ये इंडियन ओपन जिंकणारे पी. जी. सेठी हौशी होते. त्यानंतर भारतीयाच्या नावावर ती स्पर्धा लागायला १९९१ उजाडले, आणि तो विजेता, अली शेर, दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून वाढलेला होता. २००९चा विजेता सी. मुनियप्पाही पूर्वाश्रमीचा कॅडीच. २०१६ आणि २०१७ मध्ये जिंकलेला एस. एस. पी. चौरसिया मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्याचा मुलगा. एका हौशी विजेत्यानंतर कॅडी आणि माळ्याच्या घरांतून विजेते येतात, हा क्रम योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा नाही. मैदानावर सर्वाधिक तास जे घालवत होते त्यांचाच हात शेवटी बसला. त्यांच्या त्या तासांना मात्र ‘सराव’ हे नाव कोणी दिले नव्हते.

हौशी खेळाडूने यातून अपराधीपणा घ्यावा असे नाही; अपराधीपणाने फटका सुधारत नाही. घ्यायची ती दृष्टी. आपण दांडी निवडतो तेव्हा निवडण्याचा अधिकारही वापरत असतो, आणि आपल्या शेजारी पिशवी उचलून चालणाऱ्याला मैदानाचा उतार आपल्यापेक्षा अचूक वाचता येतो, तो वाचनाचाच एक प्रकार आहे. साहित्याच्या वर्गात ‘कसब’ आणि ‘प्रतिभा’ यांचा वाद आपण शिकवतो तेव्हा कसबाचे तास कोणी, कोणाच्या खर्चाने भरले, हा प्रश्न त्याला जोडून घ्यायला हरकत नाही. हौसेला मोल नाही हे खरे मानले, तरी ते कोणीतरी चुकते केलेले असते. आणि नाचणाऱ्याला दोष देण्याआधी अंगण कोणी आखले, हे एकदा विचारावे लागते.