हाताची घडी आणि करणी

ऑगस्ट 2009. सोलमध्ये उकाड्याने जीव नकोसा झालाय. म्योंगदाँग स्टेशनच्या सहा नंबरच्या दारातून तुम्ही वर येता, तोच एका कॉस्मेटिक्सच्या दुकानाबाहेरचा स्पीकर थेट छातीत धडधडायला लागतो. येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींच्या हातात घडीचे, सरकते फोन. आयफोन कोरियात यायला नोव्हेंबर उजाडायचाय.

ठेका सपाट, निर्विकार. त्याच्याखाली सिंथेसायझरचा जाडजूड, घरघरता सूर. वर बायकांचे आवाज, पण रडवेले नाहीत. कानाशी येऊन पुटपुटणारे. गाणं 'आब्राकाडाब्रा'. गाणाऱ्या ब्राउन आइड गर्ल्स: जेआ, मिर्यो, नार्शा, गाइन. 2006मध्ये या चौघी आल्या त्या संथ, आर अँड बी वळणाची गाणी घेऊन. गेल्या महिन्यात 'साउंड-जी' अल्बम निघाला आणि त्यातल्या या गाण्याने गल्ल्या काबीज केल्या. संगीत ई मिन-सू आणि हिचहायकर यांचं, शब्द किम इ-नाचे.

कोरियन येत नसलं तरी मामला तुमच्या ध्यानात येतो. तो दुसरीच्या मागे गेलाय. एकेकाळची ही सालस पोरगी त्याच्यापायी जहरी झालीय. त्याच्यासारखी बाहुली करून तिच्यावर मंत्र टाकतेय, त्या दोघांचं फाटू दे म्हणून. चक्क करणी! विरहाचं कोरियन गाणं म्हटलं की पियानो, पाऊस आणि शेवटी फुटणारा टाहो, हे ठरलेलं. इथे हुंदक्याला जागाच नाही. मला विचाराल तर हा थंडपणा टाहोपेक्षा जास्त बोचतो.

मागच्या गल्लीत, तळघरातल्या नोरेबांगमध्ये, म्हणजे कराओकेच्या अड्ड्यात, शिरा. (आत कसे घुसलात ते विचारू नका, कालप्रवासात एवढी मुभा असते.) छोटी खोली, भिंतीलगत सोफे, टेबलावर गाण्यांच्या नंबरांची जाडी वही, खंजिरी. ऑफिस सुटलेल्या तिघी जणी रिमोटवर नंबर दाबतात आणि उभ्या राहतात. हाताची घडी, हनुवटी वर, कंबर सावकाश डावीकडे, मग उजवीकडे. याला सगळे 'उद्धट नाच' म्हणतात, आणि ते खरंच आहे: ज्याने फसवलं त्याच्यासमोर उभं राहावं ते असं. पंचाईत एकच. माइक धरला की घडी सुटते. मग मधली माइक कोपराच्या बेचक्यात खुपसते आणि मान वाकडी करून गाते. मिर्योचा रॅप आला की तिघींचीही जीभ अडखळते, खिदळणं सुरू होतं, पण कंबर काही थांबत नाही.

हीच लचक एप्रिल 2013मध्ये गायक साय 'जंटलमन' या गाण्यासाठी नृत्यदिग्दर्शकांना रीतसर पैसे मोजून घेईल, व्हिडिओत गाइनलाही घेईल, आणि जगभरातली माणसं ती हसत हसत करतील. त्यात राग मात्र उरलेला नसेल.

इथे आहे. गाणं संपतं, मशीन तुतारी वाजवून गुण दाखवतं. मधलीला तेवढे पुरत नाहीत. मैत्रिणीच्या हातून रिमोट हिसकावून ती पुन्हा तोच नंबर दाबते.