घोस्ट इन द शेल: स्टँड अलोन कॉम्प्लेक्स (२००४ चा व्हिडिओ गेम)

घोस्ट इन द शेल: स्टँड अलोन कॉम्प्लेक्स हा प्लेस्टेशन २ या यंत्रासाठी तयार केलेला जपानी थर्ड पर्सन शूटर प्रकारातील व्हिडिओ गेम आहे. तो याच नावाच्या सायबरपंक अ‍ॅनिमे मालिकेवर आधारलेला असून काविया या जपानी कंपनीने विकसित केला. जपानमध्ये तो मार्च २००४ मध्ये सोनी कॉम्प्युटर एंटरटेनमेंटने, तर उत्तर अमेरिकेत त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बंदाईने प्रकाशित केला. २००५ मध्ये प्लेस्टेशन पोर्टेबलसाठी नेमक्या याच नावाने आलेला गेम ही याची छोटी आवृत्ती नव्हे. ती स्वतंत्र कृती आहे. दोहोंची माहिती अनेकदा एकमेकांत मिसळली जाते, म्हणून हा खुलासा आरंभीच करणे आवश्यक आहे.

पार्श्वभूमी

या साऱ्या कृतींचे मूळ मासामुने शिरो यांच्या १९८९ मध्ये सुरू झालेल्या मांगा चित्रकथेत आहे. तिचे जपानी नाव ‘कोकाकु किदोताई’ असे असून त्याचा अर्थ साधारणपणे ‘चिलखती फिरते दंगलविरोधी पोलीस दल’ असा होतो. ‘घोस्ट इन द शेल’ हे इंग्रजी नाव आर्थर कोसलर यांच्या ‘द घोस्ट इन द मशीन’ (१९६७) या ग्रंथाच्या नावावरून सुचलेले आहे. कोसलर यांनी तो शब्दप्रयोग गिल्बर्ट राईल या तत्त्वज्ञाकडून घेतला होता. राईल यांनी १९४९ मध्ये देकार्तच्या देह-मन द्वैताची खिल्ली उडवण्यासाठी तो योजला होता. त्यामुळे येथील ‘घोस्ट’चे भाषांतर ‘भूत’ असे करणे दिशाभूल करणारे ठरेल. कृत्रिम देहात आणि यांत्रिक मेंदूतही जे ‘मी’पण शिल्लक राहते, ते म्हणजे घोस्ट. मराठीत त्याला ‘देही’ हा जुना शब्द अधिक जवळचा आहे.

मामोरु ओशिई यांच्या १९९५ च्या चित्रपटानंतर केन्जी कामियामा यांनी प्रॉडक्शन आय.जी. या संस्थेसाठी ‘स्टँड अलोन कॉम्प्लेक्स’ ही मालिका दिग्दर्शित केली. तिचे प्रसारण ऑक्टोबर २००२ मध्ये सुरू झाले. पहिल्या पर्वात २६ भाग होते, आणि दुसरे पर्व जानेवारी २००४ मध्ये सुरू झाले. म्हणजे गेम बाजारात आला तेव्हा मालिका चालूच होती.

मालिकेचा काळ २०३० च्या आसपासचा आणि स्थळ निहामा हे काल्पनिक जपानी शहर. ‘विभाग ९’ हे सरकारी गुप्त पथक सायबर गुन्ह्यांचा तपास करते. दाइसुके आरामाकी त्याचे प्रमुख. प्रत्यक्ष मोहिमांचे नेतृत्व मेजर मोतोको कुसानागी करते, जिचे संपूर्ण शरीर कृत्रिम आहे. गेमचे कथानक मालिकेच्या एखाद्या भागावरून घेतलेले नाही. ते नव्याने रचलेले आहे. मालिका पाहिलेली नसली तरी खेळ कळतो, मात्र पात्रांची ओळख कोणी करून देत नाही.

खेळाचे स्वरूप

खेळाडूला मोहिमेनुसार मोतोको, तिचा सहकारी बातो किंवा ‘ताचिकोमा’ हा कोळ्यासारखा चालणारा विचारक्षम रणगाडा यांपैकी एकाची भूमिका करावी लागते. मोतोको चपळ आहे: उंच उड्या मारणे, भिंतीचा आधार घेऊन वर झेपावणे, कठड्याला लोंबकळणे यांवर तिचे सारे कौशल्य उभे आहे. बातो धिप्पाड असून त्याचा भर थेट गोळीबारावर आहे. ताचिकोमा भिंतींवर चढतो आणि तार फेकून एका इमारतीवरून दुसरीवर जातो. शिरो यांच्या मांगावर आधारलेल्या १९९७ च्या प्लेस्टेशन गेममध्ये खेळाडू सर्व वेळ फुचिकोमा या तशाच यंत्रात बसून लढत असे. पायी फिरणारे मानवी देह हाताळायला मिळणे हा २००४ च्या गेममधील मोठा बदल होय.

‘थर्ड पर्सन’ म्हणजे व्याकरणातील तृतीय पुरुष. खेळाडू आपल्याच पात्राला पाठीमागून, ‘ती’ किंवा ‘तो’ म्हणून पाहतो. स्वतःच्या देहाला वापरायची वस्तू मानणाऱ्या मोतोकोच्या कथेला हा दृश्यकोन विशेष शोभतो. प्लेस्टेशन पोर्टेबलवरील गेम मात्र प्रथम पुरुषी आहे. त्यात तोगुसा आणि साइतो हे सहकारीही निवडता येतात.

या गेमचे खरे वेगळेपण हॅकिंगमध्ये आहे. मोतोको शत्रूच्या सायबर-मेंदूत शिरून त्याच्या शरीराचा ताबा घेऊ शकते, आणि मग खेळाडू त्याच शत्रूच्या हातांनी त्याच्या साथीदारांवर गोळ्या झाडतो. मराठी वाचकाला येथे परकायाप्रवेश आठवेल. मात्र शंकराचार्यांच्या आख्यायिकेत अमरू राजाचा देह मृत होता. येथे देहाचा धनी जिवंत आहे. १९९५ च्या चित्रपटात मेंदू हॅक झालेला एक कचरा-कर्मचारी येतो. ज्या पत्नीसाठी आणि मुलीसाठी तो धडपडत असतो त्या कधी नव्हत्याच, हे त्याला सांगितले जाते. मालिकेच्या पहिल्या पर्वातील ‘लाफिंग मॅन’ प्रकरणही दुसऱ्याच्या डोळ्यांत शिरण्याच्या सामर्थ्याभोवती फिरते. म्हणजे ज्या कृत्याला मूळ कथेत गंभीर गुन्ह्याचे स्थान आहे, ते गेममध्ये खेळाडूच्या हातातले एक हत्यार बनते. ताब्यात घेतलेल्या सैनिकाचे पुढे काय झाले, हा प्रश्न गेम विचारत नाही. मालिकेशी इतके इमान राखणाऱ्या कृतीत ही उणीव डोळ्यांत भरते.

एकापेक्षा अधिक खेळाडूंना पडदा विभागून परस्परांशी लढण्याची सोयही दिलेली आहे.

प्रतिसाद

समीक्षकांचा प्रतिसाद संमिश्र ते बऱ्यापैकी अनुकूल होता. हालचालींतील लवचीकता आणि मालिकेचे वातावरण यांची प्रशंसा झाली. कॅमेऱ्याची अडचण आणि खेळाची अल्प लांबी यांविषयी तक्रारी झाल्या.

नंतरच्या घडामोडी

काविया ही कंपनी ‘ड्रॅकनगार्ड’ (२००३) आणि ‘नीअर’ (२०१०) या गेमसाठी अधिक ओळखली जाते. २०१० मध्येच तिचे स्वतंत्र अस्तित्व संपले. याच मालिकेवरून निओपल या कोरियन कंपनीने ‘फर्स्ट असॉल्ट ऑनलाइन’ हा प्रथम पुरुषी गेम तयार केला. त्याची सेवा डिसेंबर २०१७ मध्ये बंद करण्यात आली. सारा खेळ कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून असल्याने तो आता खेळता येत नाही. २००४ चा गेम मात्र तबकडीवर असल्याने जुने प्लेस्टेशन २ चालू असेल तर आजही सुरू होतो.